घरच्या सर्व्हरसाठी हार्ड डिस्क घेताय? आधी मांडणी ठरवा, मग दुकानात जा

लग्नसराई उरकली की तालुक्याच्या गावात फोटो-शूटिंगची कामं करणाऱ्या पोरांच्या टेबलावर एक चित्र हमखास दिसतं. चार-पाच हार्ड डिस्क एकावर एक रचलेल्या, वर मार्करनं लिहिलेलं - ‘लग्न जुने’, ‘लग्न नवीन’, ‘मिक्स’. कुठल्या डिस्कमध्ये काय आहे ते फक्त मालकाला माहीत, आणि कधी कधी त्यालाही नाही. मग एक दिवस त्यातली एक डिस्क टक-टक आवाज करायला लागते. संगणकावर दिसतच नाही.

डिस्क नवी मिळते. पण पाठवणीच्या वेळी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलेला बाप पुढच्या वर्षी हयात नसेल, तर ते दृश्य पुन्हा कुठून आणायचं?

ही अडचण आता फक्त स्टुडिओवाल्यांची राहिलेली नाही. घरटी दोन-तीन स्मार्टफोन झालेत. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता एका खात्याला १५ जीबी फुकट, आणि त्यातच जीमेलही आलं. त्यामुळे घरातच एक छोटा सर्व्हर ठेवायचा, सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात टाकायची, हा विचार गावाकडेही सुरू झालाय. विचार चांगला आहे. पण बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी डिस्क विकत घेतात आणि मग त्या कशा लावायच्या ते विचारत फिरतात. ही मांडणी एकदा केली की नंतर बदलणं अवघड असतं. द्राक्षाच्या बागेत खांब रोवल्यावर ओळीतलं अंतर बदलायला निघाल्यासारखं ते होतं.

घरचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

फार मोठं काही नाही. दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतील असा एक डबा, जो घरातल्या वायफाय राउटरला वायरनं जोडलेला असतो आणि दिवसरात्र चालू राहतो. त्याला ‘नास’ म्हणतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांचे तयार डबे मिळतात. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनास हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकूनही काम होतं. घरातला कुठलाही मोबाईल किंवा संगणक मग या डब्यात फाईल ठेवू शकतो, काढू शकतो.

विजेचा हिशोबही आधीच करावा. डबा ५० वॅटचा धरला, तर रोज २४ तास चालून महिन्याला ३६ युनिट होतात. आपल्या बिलातला युनिटचा दर बघून खर्च काढता येतो.

पहिलं काम : माल निवडा

शेतकरी पेरणीचं बियाणं आणि खायचं धान्य एका कणगीत ठेवत नाही. इथंही तसंच. डिस्क घेण्याआधी आपल्याकडच्या मालाचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग : जे गेलं तर पुन्हा मिळणारच नाही. लग्नाचं शूटिंग, आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं भजन, घरातले जुने फोटो.

दुसरा ढीग : जे परत मिळेल, पण हेलपाटे घालावे लागतील. दाखले, पावत्या, स्कॅन केलेले करार.

तिसरा ढीग : गेलं तरी बिघडत नाही. डाउनलोड केलेले सिनेमे, व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात, सीसीटीव्हीचं मागच्या आठवड्याचं चित्रण.

तिन्ही ढिगांना सारखंच संरक्षण द्यायला गेलं की खर्च वाढतो आणि शेवटी कशालाच नीट संरक्षण मिळत नाही.

दुसरं काम : किती जागा लागेल ते मोजा

उदाहरण म्हणून लग्नाचं शूटिंग करणाराच घेऊ. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट प्रति सेकंद या दर्जाचा असेल तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे मिळून सहा तासांचं चित्रण झालं तर २७० जीबी. त्यात फोटो धरले की एक लग्न साधारण ३०० जीबी. हंगामात २५ लग्नं केली तर साडेसात टीबी.

डिस्क काठोकाठ भरायची नसते. किमान पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा, नाहीतर काम संथ होतं. म्हणजे साडेसात टीबी मालाला साडेनऊ टीबीच्या आसपास जागा हवी. थोडी पुढची सोय धरून १२ टीबी म्हणू.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. डिस्कवर ४ टीबी लिहिलेलं असतं, पण संगणकात ३.६४ दिसतं. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच फरक. १२ टीबी संगणकात १०.९ दिसेल, तरी आपल्या उदाहरणाला तेवढं पुरतं.

डिस्क एकत्र बांधायच्या पद्धती

अनेक डिस्क एकत्र बांधून एकच मोठी जागा तयार करण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. पोलिसांची धाड नव्हे! अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली याबद्दलचा निबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या, आणि त्यातली एखादी बिघडली तरी काम थांबू द्यायचं नाही, अशी ती कल्पना. आज घरच्या डब्यातही तीच वापरली जाते. तिचे मुख्य प्रकार असे.

रेड ० : सगळ्या डिस्क जोडून एकच करायची. जागा पूर्ण मिळते, वेगही मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळंच जातं. पहिल्या ढिगासाठी हा प्रकार कधीच वापरू नये.

रेड १ किंवा मिरर : आरशासारखं. जे एका डिस्कवर तेच दुसऱ्यावर. दोन डिस्कच्या पैशात एकीची जागा मिळते. एक गेली तर दुसरी तशीच चालू राहते.

रेड ५ : हे समजायला उसाच्या वजनाचा हिशोब घ्या. तीन खेपा कारखान्यावर गेल्या. वजन ९, ११ आणि १० टन. चौथ्या कागदावर बेरीज लिहून ठेवली, ३० टन. आता ११ टनाची पावती हरवली तरी बिघडलं काय? तीसमधून नऊ आणि दहा वजा केले की अकरा निघतात. रेड ५ मध्ये संगणक अशीच ‘बेरीज’ ठेवतो, तिला पॅरिटी म्हणतात. ती एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून ठेवलेली असते. किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत जाते. पण दोन पावत्या एकदम हरवल्या तर नुसत्या बेरजेवरून काहीच कळत नाही. रेड ५ मध्येही दोन डिस्क गेल्या की खेळ खलास.

रेड ६ : बेरजेबरोबर आणखी एक वेगळ्या पद्धतीचा हिशोब ठेवलेला असतो. त्यामुळे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी माल वाचतो. किमान चार डिस्क लागतात, दोघींची जागा हिशोबात जाते.

रेड १० : आरशाच्या जोड्या करून त्या एकत्र बांधायच्या. चार डिस्क असतील तर जागा निम्मी मिळते. एक डिस्क नक्की सोसते. दुसरी गेली तर ती पहिलीची जोडीदार नसेल तरच माल वाचतो.

एकाच जागेसाठी चार मांडण्या

आता आपल्या १२ टीबीच्या गरजेला हे लावून बघू. चार डिस्क बसणारा डबा आहे असं धरू.

१) १२ टीबीच्या दोन डिस्क, मिरर. विकत घेतले २४ टीबी, वापरायला १२. एक डिस्क गेली तरी चालतं. डब्यात दोन जागा शिल्लक.

२) ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५. विकत घेतले १६ टीबी, वापरायला १२. एक डिस्क गेली तरी चालतं. डबा भरला.

३) ६ टीबीच्या चार डिस्क, रेड ६. विकत घेतले २४ टीबी, वापरायला १२. कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. डबा भरला.

४) ६ टीबीच्या चार डिस्क, रेड १०. विकत घेतले २४ टीबी, वापरायला १२. एक नक्की सोसते, दुसरी नशिबावर. डबा भरला.

कागदावर दुसरी मांडणी स्वस्त दिसते आणि बरेच जण तीच उचलतात. पण डिस्क बिघडल्यानंतर काय होतं तेही बघायला हवं. नवी डिस्क घातली की सर्व्हर तिच्यावर माल पुन्हा उतरवायला घेतो. सेकंदाला १५० एमबीचा वेग सलग मिळाला तरी ४ टीबीला सात-साडेसात तास, ६ टीबीला अकरा तास आणि १२ टीबीला बावीस तास लागतात. त्यात इतर काम सुरू असेल तर आणखी जास्त.

रेड ५ मध्ये या वेळात उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि तिन्ही टिकाव्या लागतात. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, तेवढीच वर्षं चाललेल्या. एक थकली तेव्हा बाकीच्याही थकत आलेल्या असू शकतात, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. मिररमध्ये एकच डिस्क वाचायची असते, वेळ मात्र जास्त लागतो. रेड ६ मध्ये या काळातही आणखी एक डिस्क गेली तरी माल शाबूत राहतो.

पुढच्या वर्षी जागा वाढवायची झाली तर? पहिल्या मांडणीत दोन जागा मोकळ्या आहेत, आणखी एक जोडी घातली की झालं. बाकी तिन्ही मांडण्यांत डबा भरलेला आहे. जागा वाढवायला एकेक डिस्क काढून मोठी घालत बसावं लागतं, आणि चारही बदलल्याशिवाय वाढ मिळत नाही किंवा नीट मिळत नाही.

म्हणून साध्या घरासाठी, छोट्या स्टुडिओसाठी मोठ्या दोन डिस्कचा मिरर हीच सोपी आणि सांभाळायला हलकी मांडणी ठरते. गरज वीस-पंचवीस टीबीच्या पुढे गेली तर रेड ६ चा विचार करावा.

जुन्या डिस्क मिसळू का?

घरात २ टीबीची जुनी डिस्क आहे, तिच्यासोबत ४ टीबीच्या दोन नव्या घेऊन रेड ५ करू, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. रेड ५ सगळ्यात लहान डिस्कच्या मापानं चालतं. तिघींचे २-२ टीबीच धरले जातात आणि वापरायला मिळतात ४ टीबी. दोन नव्या डिस्कचा नुसता मिरर केला असता तरी तेवढेच मिळाले असते. जोडीतला एक बैल अशक्त असला की नांगर त्याच्याच चालीनं चालतो. जुनी डिस्क बाहेर ठेवून तिच्यावर पहिल्या ढिगाची जादा प्रत ठेवावी, तिथं ती कामाची आहे.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. रेड फक्त एकाच संकटापासून वाचवतं, ते म्हणजे डिस्क बिघडण्यापासून. पोरानं चुकून फोल्डर उडवलं तर मिररमधल्या दोन्ही डिस्कवरून ते त्याच क्षणी उडतं. व्हायरसनं फाईलींना कुलूप लावलं तर दोन्हीकडे लागतं. वीज कडाडून डब्यात करंट शिरला, डबा चोरीला गेला, तर आतल्या सगळ्या डिस्क एकदमच जातात.

आणि पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला आलेल्या महापुरात सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांतली कितीतरी घरं, दुकानं पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा पाण्यात डब्यातल्या दोन डिस्क असोत की चार, सगळ्या एकदमच बुडतात. रेड ६ त्याला काहीच करू शकत नाही.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं तो ३-२-१ या नावानं लोकांपर्यंत नेला. मालाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर एक डिस्क सासुरवाडीला किंवा पुण्यातल्या भावाकडे. महिन्यातून एकदा जाणं-येणं होतंच, तेव्हा नवी प्रत न्यायची आणि जुनी आणायची.

ऑनलाइन ठेवायचं म्हटलं तर आधी नेटचा अपलोड वेग बघा. १० मेगाबिटच्या वेगानं १ टीबी चढवायला सलग नऊ दिवसांहून जास्त लागतात. निवडक फोटो आणि कागदपत्रांसाठी ऑनलाइन ठीक आहे, पूर्ण शूटिंगसाठी नाही.

पैसे जेवढे, मांडणी तेवढी

दोनच डिस्कचे पैसे असतील तर : दोन्ही डब्यात घालू नका. एक डब्यात, एक दुसऱ्या गावी. मिरर नसेल तर डिस्क बिघडल्यावर काम दोन दिवस थांबेल आणि शेवटच्या प्रतीनंतरचं तेवढं जाईल. म्हणून नवं काम झालं की ते लगेच आणखी कुठंतरी उतरवून ठेवायचं, निदान कॅमेऱ्याची कार्डं तोवर पुसायची नाहीत. पण दोन्ही डब्यात असतील आणि डबाच गेला, तर सगळं जाईल.

तीन डिस्कचे पैसे असतील तर : दोन आत मिररमध्ये, एक बाहेर. बहुतेक घरांना एवढं पुरतं.

पाच-सहा डिस्कचे पैसे असतील तर : चारांचं रेड ६ आत, आणि पहिला ढीग मावेल एवढ्या डिस्क बाहेर.

घेताना आणि लावताना

डिस्क घेताना ती ‘सीएमआर’ आहे की ‘एसएमआर’ ते विचारा. एसएमआर डिस्कवर माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक रेघ बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे रेड दुरुस्त होताना ती फारच रेंगाळते. वेस्टर्न डिजिटलच्या नाससाठी विकल्या जाणाऱ्या रेड नावाच्या मालिकेतही काही डिस्क या प्रकारच्या होत्या, हे २०२० मध्ये उघड झालं आणि कंपनीनं ते मान्य केलं. म्हणून डब्यावर ‘नास’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, मॉडेल नंबर बघा.

शक्य असेल तर दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच लॉटच्या येणार नाहीत.

प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर कागदाच्या पट्टीवर लिहून ती बाहेरून दिसेल अशी चिकटवा. डिस्क बिघडल्यावर घाईत चांगलीच डिस्क उपसून काढली आणि उरलासुरला मालही घालवला, असं होऊ शकतं. आधी नंबर जुळवायचा, मगच हात घालायचा.

यूएसबीच्या बाहेरच्या डिस्क जोडून रेड करू नका. वायर जरा हलली की डिस्क निसटते आणि सर्व्हरला ती मेली असं वाटतं. त्या डिस्क बाहेरच्या प्रतीसाठी ठेवा.

वीज अचानक गेली तर पॅरिटीचा हिशोब अर्धवट लिहिला जाऊ शकतो. घराच्या इन्व्हर्टरवर बदल होताना क्षणभर खंड पडतो आणि डबा रिस्टार्ट होऊ शकतो. त्यापेक्षा यूएसबी वायरनं डब्याला जोडता येणारा छोटा यूपीएस घ्यावा. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. अर्थिंग तपासून घ्या.

डबा पत्र्याखालच्या तापत्या खोलीत, चुलीच्या धुराजवळ किंवा जमिनीवर ठेवू नका. पूररेषेतलं गाव असेल तर माडीवर ठेवा. उंदरांचं वायरींवर प्रेम असतं, तिकडेही लक्ष असू द्या.

महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ म्हणजे सगळा माल वाचून तपासायचं काम वेळापत्रकाला लावा. कोठारातलं धान्य अधूनमधून हलवून बघतो, तसंच हे. डिस्क बिघडली तर मोबाईलवर सूचना येईल अशी सोय सुरू करा. एक डिस्क मरून सहा महिने झाले आणि कुणाला पत्ताच नाही, अशानं मिररचा उपयोग शून्य.

शेवटची परीक्षा

सगळं लावून झालं की एक काम उरतं आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. बाहेर ठेवलेली डिस्क आणायची, दुसऱ्याच संगणकाला लावायची आणि त्यातलं एखादं लग्न उघडून बघायचं. व्हिडिओ चालला, आवाज आला, तारीख बरोबर निघाली तरच प्रत आहे असं समजायचं. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवायचा नाही. ही परीक्षा वर्षातून दोनदा तरी घ्यावी, एकदा लग्नसराईच्या आधी आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर.